वंशावळींतील रिकामीं घरें

गेल्या दोन-तीन वर्षांत आमच्या बारामती-इंदापूर भागांत एक नव्या प्रकारचा पाहुणा घरोघर हिंडूं लागला आहे. तो लग्नाची पत्रिका द्यावयास येत नाहीं, कीं मत मागावयास येत नाहीं. ओसरीवर टेकतो आणि विचारतो, "आपल्या पणजोबांचें नांव काय? ते कोणत्या सालीं वारले? माळ्यावर एखादा जुना कागद आहे काय?" इ. स. २०२३ मध्यें न्यायमूर्ति संदीप शिंदे यांची समिति नेमली गेली आणि 'कुणबी' म्हणून झालेल्या जुन्या नोंदींचा शोध सरकारी दप्तरांतून सुरू झाला, तेव्हांपासून ही विचारपूस वाढली. इतर मागास वर्गाच्या दाखल्यास १३ ऑक्टोबर १९६७ च्या पूर्वींचा पुरावा लागतो. तो काढावयास निघालेल्या कुटुंबांना पहिल्या दिवशींच कळतें कीं, आजोबांच्या पलीकडे आपल्याला कांहींच ठाऊक नाहीं. त्या प्रश्नाच्या राजकीय बाजूंत मला आज शिरावयाचें नाहीं. दाखल्याच्या निमित्तानें कां होईना, लोक आपल्या पूर्वजांची चौकशी करूं लागले आहेत, तेवढाच धागा धरून श्रोत्यांना चार गोष्टी सांगाव्या असा विचार आहे.

या शोधास निघणारा मनुष्य बहुधा असें धरून चालतो कीं, कोठें तरी कोणी तरी आपल्या घराण्याचा इतिहास लिहून ठेवला असेल. आपण फक्त तें पान काढावयाचें. असें पान नसतें. ज्या कारकुनानें आपल्या पणजोबांचें नांव लिहिलें, त्याला पणजोबांशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. कोणाला सारा हवा होता, कोणाला वतनाचा हक्कदार ठरवावयाचा होता, कोणाला मेलेल्यांची संख्या वर कळवावयाची होती, तर कोणाला मंडळींत नवीन कोण आला तें टिपून ठेवावयाचें होतें. म्हणून प्रत्येक कागदास पहिला प्रश्न असा करावा कीं, बाबा रे, तूं कोणाच्या कामासाठीं लिहिला गेलास? त्याचें उत्तर मिळालें म्हणजे त्यांत कोण सांपडेल आणि कोण सांपडणार नाहीं, हें पुष्कळसें आधींच समजतें.

इंदापूर तालुक्यांतील लोक या बाबतींत थोडे भाग्यवान आहेत. पेशवाई गेल्यावर प्रिंगल नांवाच्या अधिकाऱ्यानें पुणें भागांत जी पहिली पाहणी केली, ती फसली. आकारणी रयतेच्या आवांक्याबाहेर गेली आणि जमिनी ओस पडल्या. तेव्हां १८३५-३६ सालीं गोल्डस्मिड व लेफ्टनंट विंगेट यांनीं नव्यानें मोजणी करावयास जो तालुका घेतला तो इंदापूरचा. शेताला नंबर, कसाला आणे आणि साऱ्याला तीस वर्षांची हमी, ही जी पद्धति पुढें सबंध मुंबई इलाख्यांत गेली, तिचा आरंभ आमच्या या कोरडवाहू माळावर झाला. त्या काळच्या कागदांत खातेदाराचें नांव 'तुकाराम बिन रामजी' अशा रीतीनें येतें. 'बिन' किंवा 'वलद' म्हणजे अमक्याचा मुलगा. बाईच्या नांवापुढें 'कोम' येतें, म्हणजे अमक्याची बायको. एकाच ओळींत दोन माणसें हातीं लागतात. तीस वर्षांची मुदत संपल्यावर फेरआकारणी झाली; दोन्ही वेळच्या याद्या शेजारीं शेजारीं ठेवल्या, तर त्याच शेतावर आज्याच्या जागीं नातू उभा असलेला दिसतो.

परंतु खातें एकाचें असे, बहुधा थोरल्या भावाचें. धाकटे तीन भाऊ त्याच शेतांत राबले, त्याच वाड्यांत मेले, आणि कागदावर त्यांचा मागमूसही नाहीं. ज्याला जमीनच नव्हती, त्याची तर गोष्टच बोलावयास नको. १९०३ च्या कायद्यानें हक्कनोंदणी सुरू झाली व फेरफाराची वही आली, तेव्हां खरी सोय झाली. नवख्या मनुष्यास मी नेहमीं तेथूनच आरंभ करावयास सांगतों: आधीं सात-बारा, त्याच्या मागें फेरफार, आणि त्याच्या मागें वारसांची नोंद. 'अमका मयत, वारस मुलगे तीन, मुली दोन, विधवा एक' अशी ओळ सांपडली, कीं सबंध घर समोर येऊन बसतें. आणि शोध नेहमीं आपल्यापासून मागें न्यावा. एखाद्या प्रसिद्ध पुरुषापासून निघून आपल्यापर्यंत उतरत येणारा मनुष्य वाटेंत हमखास कोणाच्या तरी दुसऱ्याच्या घरांत शिरतो.

वतनाच्या कागदांचें निराळें आहे. १८५२ सालीं इनाम कमिशन बसलें आणि इनामदारांकडून व वतनदारांकडून हक्काचे पुरावे मागितले गेले. हक्क म्हटला म्हणजे वंश आला. म्हणून कैफियतींबरोबर वंशावळी आल्या. पुढें १८७४ च्या वतन कायद्यानें वतनदारांचीं रजिस्टरें अधिक नेटकीं झालीं. यांत एक चमत्कार असा आहे कीं, पाटील-कुळकर्ण्यांच्या बरोबरीनें महारवतनाचीही नोंद होत असल्यामुळें, ज्याला गांवानें वेशीबाहेर ठेवलें त्याच्या चार पिढ्या सरकारी दप्तरांत मिळतात, आणि वेशीच्या आंत राहणाऱ्या एखाद्या भूमिहीन, बिनवतनी कुटुंबाची एकही मिळत नाहीं. परगणे व कुळकर्णी वतनें १९५० च्या कायद्यानें गेलीं, कनिष्ठ गांवकामगारांचीं १९५८ च्या कायद्यानें गेलीं. वतनें गेलीं तें ठीकच झालें. त्यांच्या पायीं माणसें पिढ्यान्‌पिढ्या बांधलीं गेलीं होतीं. पण त्यांचीं रजिस्टरें रद्दींत जाऊं देऊं नयेत.

त्याच्याही मागें जावयाचें असल्यास पुण्याच्या पुरालेखागारांतील पेशवे दप्तर. रियासतकार सरदेसाई यांनीं १९३० ते १९३४ या काळांत त्यांतील निवडक कागदांचे पंचेचाळीस खंड छापले, ते समुद्रांतील ओंजळीइतकेच आहेत. येथें मोडी यावी लागते, आणि सालांची उलाढाल करतां यावी लागते. 'सन सलास सबैन मया व अलफ' असें लिहिलेलें पाहून पुष्कळांचें धैर्य खचतें; वस्तुतः सलास म्हणजे तीन, सबैन सत्तर, मया शंभर, अलफ हजार, मिळून सुहूर सन ११७३. त्यांत ५९९ मिळविले कीं इ. स. १७७२ आलें, मात्र हें वर्ष मृगापासून मृगापर्यंत चालतें, म्हणून जानेवारीनंतरच्या तारखेस ६०० मिळवावे. फसली सनास ५९० मिळवितात; इंदापूरच्या त्या मोजणीचें साल फसली १२४५ येतें. तालुक्यांचीं नांवेंही बदललीं आहेत. सुपें, बारामती हा भाग पूर्वीं भीमथडी तालुक्यांत मोडे. भीमथडीचीं तट्टें लोकांच्या तोंडीं राहिलीं, पण तालुक्याचें नांव विस्मरणांत गेलें; त्यामुळें शंभर-सव्वाशें वर्षांपूर्वींच्या दप्तरांत 'बारामती तालुका' धुंडाळीत बसलेले लोक मीं पाहिले आहेत.

आतां जे कागद नाहींतच, त्यांविषयीं. वाळवी, पाऊस, आग, बेपर्वाई हीं कारणें सर्वांना ठाऊक आहेत. आमच्या भागांत एक निराळें कारण आहे. १२ मे १८७५ रोजीं सुप्याच्या बाजाराच्या दिवशीं शेतकरी जमले, सावकारांच्या दुकानांवर चालून गेले, आणि त्यांनीं खतें, रोखे, वह्या बाहेर काढून जाळल्या. हें लोण पुणें व नगर जिल्ह्यांतील पुष्कळ गांवांत पसरलें. ज्या कागदांवर आमच्या पूर्वजांचें नांव, बापाचें नांव, गांव आणि निशाणीचा नांगर होता, तेच कागद पूर्वजांनीं होळींत घातले. संशोधक म्हणून हळहळ वाटावयास पाहिजे. पण ज्या खतावर बैलजोडी व शेत लिहून दिलेलें होतें तें जळतांना पाहणाऱ्या माणसाच्या मनाची कल्पना केली म्हणजे माझ्यानें हळहळवत नाहीं. त्या दंग्याची चौकशी होऊन १८७९ सालीं दक्षिणेंतील शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला, आणि शेतकऱ्यांचीं खतें नोंदविण्यासाठीं गांवोगांवच्या भागांत रजिस्ट्रार नेमले गेले. म्हणजे जुने कागद जळाले त्याच आगींतून नव्या नोंदी निघाल्या. १८७५ च्या अलीकडचा शोध करणारानें हीं नोंदलेलीं खतें अवश्य पाहावीं.

जन्ममृत्यूच्या नोंदी म्हणजे गांव नमुना १४. लोक त्याला कोतवाल-बुक म्हणतात. कोतवालानें बातमी आणावयाची, पाटलानें लिहावयाची, अशी ही रीत. येथें एक अडचण अशी येते कीं, बारसें व्हावयाच्या आधींच जन्म लिहिला जाई. त्यामुळें 'अमक्यास मुलगा झाला' एवढेंच सांपडतें. मुलाचें नांव नाहीं. त्या गृहस्थास पांच मुलगे असतील, तर हा कोणता, याचा निकाल दुसऱ्या कागदावरून लावावा लागतो. आणि मोठ्या साथीच्या वर्षीं ही व्यवस्था मोडून पडे. १९१८ च्या इन्फ्ल्युएंझांत बातमी आणणारा व लिहिणारा दोघेही अंथरुणावर. तेव्हां ज्या वर्षीं घरांतलीं तीन माणसें गेल्याचें आजी सांगते, त्याच वर्षाच्या पानावर एकही सांपडत नाहीं. तेथें वहीपेक्षां आजीवर विश्वास ठेवावा.

शाळेच्या दाखल-खारीज नोंदवहीविषयीं बोलण्याचा मला थोडा अधिकार आहे; पस्तीस वर्षें ती माझ्या टेबलावर होती. जात, गांव, वडिलांचें नांव यांसाठीं ती उत्तम. जन्मतारखेसाठीं मात्र तीवर फार विसंबूं नये. मुलाला घेऊन आलेला बाप "गेल्या दुष्काळाच्या आधींचा" एवढेंच सांगे, आणि जुने गुरुजी शाळा सुरू होण्याचा हिशेब बसवून १ जून ही तारीख घालीत. महाराष्ट्रांत १ जूनला जन्मलेल्या माणसांची एवढी गर्दी आहे कीं, परक्या मनुष्यास वाटावें, या देशांत मृगाबरोबर माणसेंही उगवतात!

याच भागांत ख्रिस्ती कुटुंबें आहेत, आणि त्यांच्या शोधाची वाट निराळी जाते. बारामतीस विसाव्या शतकाच्या आरंभीं ऑस्ट्रेलियांतील 'चर्चेस ऑफ क्राइस्ट' या मंडळींचें मिशन आलें. गुन्हेगार जमातींच्या कायद्याखालीं बारामतीस जी वसाहत होती, तिची व्यवस्थाही त्यांच्याकडे होती. तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ पासून देशभर रद्द झाला, परंतु कित्येक घराण्यांचें पहिलें लेखी नांव अशा वसाहतीच्या हजेरींतच असावें, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे. शेजारच्या दौंड तालुक्यांत केडगांवीं पंडिता रमाबाईंचें मुक्तिसदन. अहमदनगरच्या बाजूस अमेरिकन मराठी मिशन, ज्याचें 'ज्ञानोदय' १८४२ पासून निघत आलें आहे आणि ज्याच्या जुन्या अंकांत मंडळ्यांच्या वार्ता सांपडतात. सरकारी धर्मगुरूंच्या वह्यांच्या नकला मुंबईस व तेथून विलायतेस जात. मुंबई इलाख्याच्या अशा नकला १७०९ पासूनच्या लंडनमध्यें आहेत. पण त्या मुख्यतः पलटणी व साहेबलोक यांच्या. मिशनच्या खेड्यांतील मंडळ्यांची वही मंडळीपाशींच राहिली, आणि पाळक बदलला, इमारत बदलली, कीं तिचीं पानें विस्कटलीं. गोमंतकांत चर्चच्या वह्या शतकानुशतकें मागें जातात, तसा प्रकार आमच्याकडे नाहीं.

माझी एक जुनी विद्यार्थिनी काहीं वर्षांपूर्वीं पणजीचा शोध करीत माझ्याकडे आली. घरांत एवढेंच ठाऊक होतें कीं, पणजी १८९९-१९०० च्या दुष्काळांत अनाथ झाली व मिशनमध्यें वाढली. मंडळीच्या वहींत बाप्तिस्म्याची नोंद मिळाली: दिलेलें नांव, अंदाजें वय सात, दुष्काळांतील मूल. आई-बापांच्या रकान्यांत आडवी रेघ. लग्नाच्या नोंदींत वराच्या बापाचें नांव होतें, वधूच्या बापाच्या जागीं पुन्हा रेघच. सरकारी मृत्युनोंदींत वय असें लिहिलेलें कीं, त्यावरून हिशेब केला तर ती दुष्काळांत जेमतेम चार वर्षांची ठरावी. बाप्तिस्म्यापूर्वींचें नांव कोठेंच नाहीं. मुलीला तिच्या गांवाचें नांव हवें होतें. शेतजमिनीसाठीं नव्हे, दाखल्यासाठीं नव्हे. ती म्हणाली, "गुरुजी, तिला कोणी हांक मारीत असेल ना? ती हांक काय होती, तेवढें मला पाहिजे." या प्रश्नाला मजपाशीं उत्तर नव्हतें. मग तिच्या वृद्ध मावशीकडे आम्हीं गेलों. मावशीनें पुष्कळ सांगितलें, त्यांत एक गोष्ट अशी कीं, ती बाई शेवटपर्यंत भाकरीला 'रोटलो' म्हणे. १९०० सालीं रमाबाईंनीं गुजराथेंतील दुष्काळग्रस्त मुली केडगांवीं आणविल्या होत्या, हें प्रसिद्ध आहे. तेव्हां ही मुलगी गुजराथची असण्याचा संभव पुष्कळ, पण संभवच. आम्हीं वंशावळींत तिच्या नांवाखालीं 'माता-पिता अज्ञात' असें शाईनें लिहिलें, आणि 'बहुधा गुजराथ' हे दोन शब्द पेन्सिलीनें.

तथापि त्याच वहींनें मला दुसरी एक गोष्ट दाखविली. त्या पणजीच्या मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदींत तिचें स्वतःचें नांव, प्रत्येक वेळीं, आई म्हणून स्वच्छ लिहिलेलें आहे. आमच्या वाड्यांतील वंशावळी उघडून पाहा! मूळपुरुष, त्याचे चार मुलगे, त्यांचे अकरा मुलगे. जणूं कांहीं हे सर्व पुरुष एकमेकांच्या पोटीं जन्मले. दत्तकाचें नांव ठळक, सख्ख्या मुलीचें नाहीं. वतनाचा वारसा मुलग्यांकडून चाले, म्हणून वतनाच्या कागदानें बायका गाळल्या. आणि सरकारनें गाळल्या म्हणून घरच्या वंशावळीनेंही त्या गाळल्या. अनाथ म्हणून वाढलेल्या त्या मुलीचें नांव तिच्या नातवंडांना चार ठिकाणीं मिळतें. माझ्या स्वतःच्या पणजीचें मला एकाच ठिकाणीं मिळालें, तेंही विधवा म्हणून, फेरफाराच्या एका ओळींत. बायकांचीं नांवें शोधावयाचीं तर त्या फेरफारांत शोधावीं, आणि नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर येथील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत शोधावीं. यात्रेस कोण कोण आलें तें लिहितांना उपाध्याय आईला व बायकोला क्वचित् विसरत नसे.

अशा वह्या गांवाच्या नांवानें लाविलेल्या असतात, आणि येथें इंदापूरकरांस सावध केलें पाहिजे. उजनीचें धरण १९८० च्या सुमारास पुरें झालें व भीमेकांठचीं गांवें उठून वर आलीं. पळसदेवचें जुनें देऊळ पाणी ओसरलें म्हणजे अजून डोकें वर काढतें. त्याच्या भोंवतालचीं घरें, थडीं, समाध्या मात्र गेल्या. तरुण मुलें नव्या वस्तीचें नांव सांगतात आणि उपाध्याय म्हणतो, "असें गांव आमच्या वहींत नाहीं." जुनें नांव, नदी कोणती, शेजारचीं गांवें कोणतीं, हें विचारून जावें. बारामतीकडे उलट प्रकार: नीरेच्या डाव्या कालव्याचें पाणी १८८५ च्या सुमारास आलें, आणि बागाइती करणारीं कुटुंबें बाहेरून येऊन वसलीं. त्यांचे पणजोबा बारामतीच्या दप्तरांत नसतील तर त्यांत नवल नाहीं.

राहतां राहिला अभिमान. ज्या इंदापुरांत शिवछत्रपतींचे आजोबा मालोजीराजे पडले, त्या मालोजींच्या मृत्यूच्या सालाविषयीं अभ्यासकांच्या मतांत दहा वर्षांहून अधिक अंतर आहे. खुद्द महाराजांची जन्मतिथि शके १५४९ कीं १५५१ हा वाद किती वर्षें चालला! तो फिरला कशानें, तर कारीच्या जेधे देशमुखांच्या घरांत जपून ठेवलेल्या शकावलीनें, जी लोकमान्य टिळकांनीं १९१६ सालीं प्रसिद्ध केली. त्या घराण्यानें तीं पानें जपलीं नसतीं, तर इतिहासाची सोय कशी झाली असती? आणि राजघराण्याची ही स्थिति, तर आपण शेतकऱ्या-कारकुनांनीं प्रत्येक घर भरण्याचा हट्ट कां धरावा? आमच्या घरांत अशी वार्ता आहे कीं, आमचा मूळपुरुष बाबूजी नाईक बारामतीकरांच्या पदरीं होता, ज्यांच्या आश्रयानें कविवर्य मोरोपंत पन्हाळ्याहून येऊन बारामतीस राहिले. वार्ता गोड आहे. माझे कागद मात्र इंदापूरच्या त्या मोजणीच्या खातेदारापाशीं थांबतात. त्याच्या बापाचें नांव 'बिन' च्या पुढें आहे. त्या बापाच्या वर कांहीं नाहीं. चिरंजीवांनीं संगणकावर सुंदर वंशवृक्ष काढला आणि वरच्या जागीं नाइकांचा उल्लेख घालूं कां, म्हणून विचारलें. मीं घालूं दिला नाहीं. ती जागा कोरी आहे व समासांत 'घरची वार्ता' एवढें लिहिलें आहे.

ज्यांना या कामास लागावयाचें आहे त्यांनीं कचेरींत अर्ज देण्याच्या आधीं एक करावें. कचेरींतील कागद आणखी कांहीं वर्षें टिकतील; कित्येकांच्या प्रतिमाही आतां संगणकावर चढल्या आहेत. घरांतील सर्वांत वृद्ध बाई तेवढी थांबेलच असें नाहीं. तिच्यापाशीं वही घेऊन बसावें, आणि नवऱ्याच्या घराण्याचें विचारण्यापूर्वीं तिचें माहेर, तिच्या आईचें नांव आणि आईचें माहेर हीं लिहून घ्यावीं.